कोनाड्यातला पेला

प्रथम क्षमा मागतो. मी उपदेशक नाही, पाळक नाही, कॉलेजातली इंटरची परीक्षाही अजून देऊ शकलेलो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवले नव्हते. आत्म्याचे तारण आणि त्या तारणाची खात्री असल्या विषयांवर ज्यांनी आयुष्यभर शास्त्र वाचले आहे त्यांनी लिहावे, हे मला समजते. पण ते खाटेवर पडलेले नव्हते. मी चौदा महिने पडलो होतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून माणसे काय काय विचारतात हे मला ठाऊक झाले आहे, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्या कोणाला आज कोणी तसेच विचारत असेल त्याच्यासाठी लिहितो. चुकले तर ते माझे चुकले, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे नव्हे.

*

आमचे गाव वाशीमहून मालेगावकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. लहानसा मळा, एक विहीर, एक मोट. वांगी, मेथी, मिरची, कांद्याची पात. आठवडी बाजाराला गाडी भरून वाशीमला न्यायची. मिशनची शाळा बाजाराच्या वाटेवर होती, म्हणून मला तिच्यात घातले. दुसरे काही कारण नव्हते. तिथले शामुवेलराव मास्तर माझे पहिले गुरू. मला कॉलेजात पाठवावे म्हणून ते चार वेळा पायी आमच्या मळ्यात आले. प्रभूचे नाव मी प्रथम ऐकले ते त्यांच्याच तोंडून, आणि उमरावतीला कॉलेजात जाण्याआधी माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेबांच्या शेजारी तेच उभे होते. माझे गणपत हे नाव त्यांनीच राहू दिले. म्हणाले, "नाव बदलून माणूस बदलत नाही."

वडिलांनी मला मारले नाही, हाकलले नाही. लहानपणापासून मी ज्या पितळी पेल्याने पाणी पीत होतो तो त्यांनी घरातून उचलला आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. "आता बाहेर पेत जाय," एवढेच बोलले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. सुटीत घरी गेलो की मी गोठ्याशी पेला धरून उभा राही आणि माय वरून पाणी घाली. तिचा गडू आणि माझा पेला यांत वीतभर अंतर असे. ती वीत मी कॉलेजात बरोबर घेऊन गेलो.

*

निदान झाले तो दिवस. वर्गात खोकला आला, रुमाल तोंडाशी धरला, आणि काढला तेव्हा त्यावर कुंकवाएवढा डाग होता. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, कान लावला, आणि मला न सांगता वसतिगृहाच्या देखरेखीच्या साहेबांना सांगितले. मी खोलीत परत येतो तो माझा सोबती आपली सतरंजी गुंडाळत होता. "घरून बोलावणं आलंय," तो म्हणाला. त्याच्या घरून काही आले नव्हते. मी त्याला दोष देत नाही. मला दोन चुलत बहिणी होत्या. त्या याच रोगाने गेल्या तेव्हा मीही लांबूनच पाहिले होते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी आधी देवाला हाक मारली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता बाबा म्हणतील, मी सांगितलं होतं.

अकोल्याला गाडी बदलून वाशीमला उतरलो आणि स्टेशनावरून थेट गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात गेलो. घरी गेलो नाही.

*

क्षयाची बराक दवाखान्यापासून दूर, लिंबाच्या झाडांखाली होती. तीन बाजूंनी उघडी. सकाळी नर्सबाई तोंडात नळी देत, ताप कागदावर लिहीत. मग दूध, मग कच्चे अंडे. मी जन्मात अंडे खाल्ले नव्हते. पहिल्या दिवशी डोळे मिटून गिळले आणि लगेच ओकलो. दुपारी दोन तास कोणी कोणाशी बोलायचे नाही असा नियम होता. थुंकायचे ते झाकणाच्या डबीतच, जमिनीवर कधी नाही. प्रत्येकाला एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला असे, त्याच्या बुडाला खिळ्याने नंबर कोरलेला. माझा सतरा.

सोळा नंबरच्या खाटेवर हुसेनभाई होते. वाशीम स्टेशनावर त्यांचा टांगा चाले. वय पन्नाशीचे, अंगावर मांस म्हणून नव्हते, पण बोलणे थांबत नसे. मी आलो त्या दिवशी त्यांनी मान वळवली.

"काय शिकते?"

"इंटरच्या वर्गात आहे."

"म्हंजे किती बुकं?"

"पुष्कळ."

"अन् एकातबी नाई लिवलं का थंड्या हवेत उघड्या छातीनं झोपू नाई?"

मी पुष्कळ दिवसांनी हसलो. हसल्याने खोकला आला आणि नर्सबाई आम्हा दोघांवर ओरडल्या.

*

पहिल्याच आठवड्यात शामुवेलराव मास्तर आले. ते आता शाळेतून निवृत्त होऊन मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, झाले होते. पाळकसाहेब सगळा तालुका फिरत, तीन महिन्यांतून एकदा वाशीमला येत आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा पेला, देत. त्याआधीच्या शनिवारी तयारीची सभा असे. त्या सभेत मास्तर भोजनाला बसणाऱ्यांची यादी वाचत. त्या यादीत नाव असणे आमच्यासारख्या नव्या माणसांना किती मोठे वाटते हे जन्माने ख्रिस्ती असलेल्यांना कदाचित कळणार नाही. एका पंगतीतून उठून आलेल्या माणसाला दुसरी पंगत ती एकच असते.

मास्तरांनी प्रार्थना केली. मग माझा हात हातात घेतला. त्या दिवसांत माझा हात कोणी धरत नसे, हे मी विसरणार नाही. आणि म्हणाले, "गणपत, देव उगाच मारत नाही. आत काही लपलं असेल तर काढून टाक."

"काय लपलं असेल, मास्तर?"

"ते तू सांगायचं. माझी मार्था अशीच पडली होती. शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं तिनं रागानं फाडलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. कबूल केलं त्या आठवड्यात ताप उतरला. आज दोन मुलांची आई आहे."

मला यावर हसू आले नाही, आताही येत नाही. ज्या बापाला आपली मुलगी परत मिळाली त्याने ती कशामुळे मिळाली असे मानायचे ते मानावे. पण स्वतःच्या मुलीची गोष्ट उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवण्याचा हक्क त्यांना नव्हता. हे मला तेव्हा सुचले नाही. तेव्हा मी शोधू लागलो.

आणि सापडले. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, तरी एकदा गावच्या माणसाबरोबर त्यांनी वसतिगृहावर वांग्यांची टोपली पाठवली होती. खाली गवत, वर ओला फडका, एकेक वांगे देठासकट निवडलेले. सोबत्यांनी विचारले, कोणी पाठवली? मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते की आम्ही पाच विहिरींचे बागाईतदार. मी म्हणालो, "आमच्या गड्यानं लावलेली आहेत."

हे मी मास्तरांना सांगितले. सांगताना रडलो. देवापुढे तर त्याआधीच रडलो होतो.

मास्तरांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि मान हलवली. "हे ठीक आहे. पण एवढ्यानं क्षय होत नाही. आणखी खोल जा."

*

यादीत माझे नाव आले नाही. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या होत्या की रोगाची अडचण नाही, याचा भाग याच्याच पेल्यात वेगळा ओतून द्या. तरी नाव आले नाही. कबुली पुरी झाली की घालू, असे मास्तरांनी सांगितले.

हुसेनभाईंनी शेजारच्या खाटेवरून सगळे ऐकले होते.

"काय भाऊ, एखादं मोठं पाप सांगून टाक न त्याले! माह्यापाशी लय पडले आहेत, एक उसनं घे. घोडा चोरला म्हन. मास्तर खूश, तू खूश, घोड्याले त कोनी इचारत नाई."

ते गमतीने बोलले, पण मी ते मनात धरले. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो: मी खरोखर एक पाप रचले. वसतिगृहात चोरून दारू प्यालो, असे. कोणाबरोबर, कुठे, सगळे जुळवले. दुपारच्या मौनाच्या दोन तासांत ते इतक्या वेळा घोकले की ती दारू मला जवळजवळ आठवू लागली.

मग एक दिवस नर्सबाई धुतलेले पेले वाटत आल्या. सतरा नंबर माझ्या हातात आला आणि मनात आले, मी खोटे बोलून या पेल्यात काय ओतून घेणार आहे? ज्या प्रभूच्या मेजावर जेवायला जायचे त्याच्याच घराची पायरी लबाडीची करून चढायची? मास्तरांना फसवता येईल. ते म्हातारे, भोळ्या मनाचे आहेत. पण मेज त्यांचे नव्हे.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी उठून बसलो.

"मास्तर, माझी पापं पुष्कळ आहेत. पण या रोगाचं कारण म्हणून तुम्हाला द्यायला माझ्याजवळ एकही नाही."

"मग यादीत नाव घालता येणार नाही, गणपत."

"नका घालू."

"तारणाची पर्वा नाही का तुला?"

"आहे म्हणूनच. प्रभूला क्रुसावर खिळलं तेव्हा खाली उभी असलेली माणसंही हेच म्हणाली असतील, उगाच कोणाला खिळत नाहीत. तुम्ही त्यांच्यात उभे राहू नका."

मास्तरांनी छत्री उचलली आणि ते गेले. मी काही वीर नव्हतो. ज्यांनी मला अक्षर शिकवले त्यांना मी हे बोललो होतो. त्या संध्याकाळी ताप दोन रेघांनी चढला, आणि नर्सबाई म्हणाल्या, "कोणाशी भांडलास का रे?"

*

बाजाराच्या दिवशी माय येई. बराकीत न शिरता लिंबाखाली बसे, तिथून बोले. एकदा येऊन तिने बसता बसताच विचारले.

"तुले त्याइनंबी बाहेर काढलं मन्तात?"

बाजारात बातमी पोचली होती. मी समजावले की बाहेर काढले नाही, फक्त भोजनाचा पेला देत नाहीत.

"म्हंजे वाळीत."

"वाळीत नाही, माय."

"मंग काय मन्तात त्याले?"

मी थुंकीच्या डबीचे झाकण घट्ट बसवले. ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "मंग कायले राह्यतं त्याइच्यात? देवीले नारळ फोड. चुकलो म्हन. तुहे बाबा बोलतीन तुह्याशी, मी सांगते."

"तिकडं मंतात चूक कबूल कर, इकडंबी मंतात कबूल कर. माय, रोग एक अन् गुन्हे दोन! मी काय चूक केली ते आधी देवी न् मास्तर एका जागी बसून ठरवू दे."

कॉलेजात गेल्यापासून मी मायशी घरच्या भाषेत बोललो नव्हतो. ती आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून हसली. "बापावर गेला," म्हणाली.

तिने घरी काय सांगितले ते मला माहीत नाही. पुढच्या बाजाराला बैल सोडून गाडीशी बाबाच उभे दिसले. त्या दिवशी मास्तर बराकीत प्रार्थनेसाठी आले होते. माझ्या खाटेशी न थांबता ते पुढे गेले होते आणि आता पायरीवर वहाणा घालत होते. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"रामराम, मास्तर."

"रामराम, पाटील."

"पाटील नाई मी, मळेवाला हाय. एक इचारतो. पोरगा तुमाले देला. म्हंजे तुमी नेला, पन मी काई आडवा झोपलो नाई. मंग त्याचा पेला मी गोठ्यात ठेवला. लोकाइनं मले चांगलं म्हनलं, अन् मनातल्या मनात मीच मले शिव्या देल्या. पन मास्तर, पेला येगळा ठेवला तरी पानी तोडलं नाई मी. तुमी त पानीच तोडलं. काहून?"

मास्तर म्हणाले, "हे पाण्याचं नाही. हे आत्म्याचं आहे. तुम्हाला समजणार नाही."

"मले नाई समजत. त्याले समजते न? त्याले तहान लागली हाय एवढं मले दिसते."

बाबांनी गाडीतून एक टोपली आणून पायरीवर ठेवली आणि बैल जुंपले. वांगी होती. खाली गवत, वर ओला फडका.

हुसेनभाई खाटेवरून ओरडले, "ओ भाऊ, लय ताजे दिसतात! कोनं लावले?"

मी मोठ्याने म्हणालो, "माझ्या बाबांनी." गाडीचे चाक वाजत होते. त्यांना ऐकू गेले की नाही, कळले नाही.

*

पुढच्या भोजनाच्या रविवारी बराकीत मी होतो आणि मिशनच्या देवळातले गीत वाऱ्याने येत होते. वाक्य कळत नव्हते, चाल कळत होती. भाकर मोडली जात असेल, पेला एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल, असे मी मनात पाहत होतो. मी माझ्या सतरा नंबरच्या पेल्यातले पाणी प्यालो. ते भोजन म्हणून नव्हे. तसे मानणे उद्धटपणा झाला असता. तहान लागली होती म्हणून प्यालो आणि उपकार मानले.

तेव्हा मला जे कळले ते इथे लिहितो. याहून जास्त मला माहीत नाही. इतके महिने मी माझ्या छातीत तारणाची खूण शोधत होतो. ताप उतरला की वाटे, देवाने जवळ घेतले. रक्त पडले की वाटे, टाकले. देवाने माझ्यासाठी जे करायचे ते माझ्या जन्मापूर्वी करून ठेवले होते, आणि ते नर्सबाईंच्या कागदावरच्या रेघेबरोबर वरखाली होत नव्हते. यादी मास्तरांच्या हातात होती. मी त्यांच्या हातात नव्हतो. मी त्या खाटेवर मेलो असतो तरी जिवंत देवाच्या हातात पडलो असतो. ही खात्री मला चांगल्या दिवशी नव्हे, वाईट दिवशी मिळाली, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

पण खात्री मिळाली म्हणजे काहीही करायला मोकळा झालो असेही नाही. उलट आता लहान गोष्टी टाळता येईनात. थुंकी डबीतच टाकणे, अगदी नर्सबाई पाहत नसल्या तरी. सकाळी अंडे न ओकता गिळणे. हुसेनभाईंचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांच्या तोंडाला पेला लावणे. त्या दिवसांत मला जमलेली पवित्रता एवढीच.

हुसेनभाई थंडी संपता संपता गेले. त्यांच्याइतका निर्मळ मनाचा माणूस मी पाहिला नाही, आणि ते गेले. मी खोटे रचणारा, आणि मी बरा होत होतो. उशाशी बसणाऱ्यांनी आधी या दोन खाटांचा हिशेब मला समजावून द्यावा, मग पाप शोधावे.

पुढे वजन वाढले, डाग थांबला. मास्तर आले, माझ्या तापाचा कागद पाहून त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "बघ, देवानं तुला क्षमा केली."

"ती आधीच केली होती, मास्तर. हा फक्त रोग गेला."

ते उठले. वाद घातला नाही. जाताना डॉक्टरीणबाईंशी दारात हळू आवाजात काही बोलले आणि खिशातून काढलेले काहीतरी त्यांच्या हाती दिले.

*

ते काय होते हे मला सहा आठवड्यांनी कळले. माझा ताप पुरता स्थिर होईपर्यंत देऊ नये, असे डॉक्टरीणबाईंनी ठरवले होते. त्या सहा आठवड्यांत माय बाजाराला आली नव्हती, आणि मळ्यात काम असेल असे मी समजलो होतो. घरी जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी एक कार्ड माझ्यापुढे ठेवले. अक्षर मास्तरांचे. मला वाटले, पुन्हा कबुलीचेच काही, आणि मी ते न वाचताच उशीखाली सारणार होतो.

पण भाषा मास्तरांची नव्हती. शाळेत 'मला'च्या जागी 'मले' लिहिले की ते माझे गुण कापत. आता मायने जे सांगितले ते त्यांनी तिच्याच शब्दांत, एकही शब्द न सुधारता लिहून दिले होते. म्हणजे ते आमच्या घरी गेले होते, मायजवळ बसले होते.

"गनपतले सांगा, त्याचे बाबा गेले. पाच दिवस ताप होता. चवथ्या दिवशी पानी मांगलं. मी गडू नेला त म्हने, गोठ्यातला पेला आन. मी म्हनलं, घरात लय पेले हायेत. म्हने, तोच आन. त्यातच पानी पेले, अन् मले म्हनलं, आता हा बाहेर नको ठेवू. पेला माठावर हाय. तू आला का घरात बसून पेजो."